वरची जुडी

“बादलीत?” भाजीवाली तुळसा हसली. “अगो पोरी, भाजीत असतील जंतू. बादली तर मी रोज घासते!”

समोरच्या सोसायटीतली समीक्षा कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकत होती. प्रोजेक्टसाठी तिने कोपरीच्या बाजारातून पालेभाज्या तपासायला नेल्या, तेव्हा तुळसाने हौसेने आपल्या बादलीतलं पाणीही बाटलीत भरून दिलं होतं. आज ती तपासणीचा निकाल सांगायला आली होती. बाजारात आपलीच भाजी सगळ्यांत टवटवीत, हा तिचा तीस वर्षांचा तोरा. सकाळी नळावर एक बादली भरायची, त्यातच हात बुडवायचे, त्यातच गोणपाट भिजवायचं आणि तेच पाणी दिवसभर भाजीवर शिंपडायचं. गिऱ्हाईक हिरव्या रंगावर भाळतं, हे सासूने शिकवलेलं.

“मावशी, मळ्यातून आलेल्या भाजीवर थोडेच होते. या पाण्यात वाढलेत. मैल्यातले जंतू आहेत हे.”

“तीस वर्सं हीच भाजी खातान लोकं. कोन मेला?”

“धडधाकट माणसाचं पोट बिघडतं, दोन दिवसांत बरं होतं. पण केमो वगैरे चालू असलेल्यांनी कच्चं खाल्लं ना, तर जिवावर बेतू शकतं,” समीक्षा सहज बोलून गेली.

तुळसाचं हसू मावळलं.

श्रीपाद हे तिचं जुनं गिऱ्हाईक. बायकोला, नीलाला, कॅन्सर झाल्यापासून ते संध्याकाळी एकटेच यायचे. औषधांनी नीलाच्या तोंडाची चवच गेली होती. वरणभातावर कच्ची कोथिंबीर पेरली तरच दोन घास जायचे. हे कळल्यापासून तुळसा सकाळीच सगळ्यांत कोवळी जुडी निवडून बादलीत उभी करून ठेवायची, संध्याकाळपर्यंत कोमेजू नये म्हणून. इतर गिऱ्हाइकांना वर चार काड्या, नीलाला वर अख्खी जुडी. महिन्यापूर्वी नीलाला जुलाब सुरू झाले आणि चार दिवसांत ती गेली. बातमी कळली तेव्हा तुळसा भर बाजारात पदर तोंडाला लावून रडली होती.

“त्यानीच होतं कं, नक्की?”

“नक्की कसं सांगणार? शंभर कारणं असतात. का, कोणाला झालं का?”

तुळसाने नकारार्थी मान हलवली.

त्याच संध्याकाळी श्रीपाद आले. महिन्याभराने, पहिल्यांदाच.

“पाव किलो भेंडी द्या. एकट्याला पुरे.” मग थोडं थांबून ते म्हणाले, “तुमचे आभार मानायचे राहिलेच. शेवटच्या आठवड्यातसुद्धा मागून घ्यायची कोथिंबीर. म्हणायची, तुळसाबाई आहेत म्हणून दोन घास जातात माझे.”

दुपारभर तुळसा त्यांना सांगायचं ठरवत होती. आता ती खाली बघून भेंडी निवडू लागली. या माणसाकडे बायकोची एवढी एकच गोड आठवण उरलेली, तीही कशी हिरावून घ्यायची?

भेंडी तोलून पिशवीत पडली. श्रीपादांनी सवयीने पिशवीचं तोंड उघडंच धरलं. कोवळी जुडी दोघांच्या मधोमध बादलीत उभी होती. महिना झाला तरी तुळसाच्या हातून ती रोज तशीच निवडून ठेवली जायची.

“कोथिंबीर नाय आज, भाऊ.”

श्रीपादांनी जुडीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“बरोबर आहे,” ते हळूच म्हणाले. “आता खाणारं कोण आहे?”

पिशवी मिटून ते निघाले. नीला गेली तशी तुळसाची मायाही आटली, असंच त्यांना वाटलं असणार. तिने ते तसंच वाटू दिलं.

मग तिने बादली गटारात ओतली आणि ती जुडी मांडीवर घेऊन, कोमेजेपर्यंत तशीच बसून राहिली.