तीन मिलिग्रॅमचा मान

कमलाकररावांच्या घरात कुठलंही औषध पूर्ण घ्यायची पद्धत नव्हती. डॉक्टरनं गोळी दिली की अर्चनाबाई ती सुरीनं अर्धी करत. खोकल्याचं औषध दोन चमचे सांगितलं, तर एकच देत. इंग्लंडात येऊन केस पिकले, पण ही औषधं उष्ण पडतात हे त्यांचं मत काही बदललं नाही.

आणि आता तर प्रश्न नातवंडाचा होता. पिनरला राहणाऱ्या लेकीनं, तनूनं, पोट दिसायला लागताच बापाला बजावलं होतं की सिगारेट सुटली नाही तर बाळ हातात मिळणार नाही. हाउन्सलोला कामाच्या कार्गो शेडमागे उभा जन्म धूर काढलेला माणूस त्या एका वाक्यानं हादरला आणि निमूट क्लिनिकमध्ये गेला.

तिथल्या नर्सनं नीट समजावलं. माणसाला मारतो तो मुख्यतः जळत्या तंबाखूचा धूर. निकोटिन त्याला सिगारेटला बांधून ठेवतं. तुमच्याइतकं ओढणाऱ्यानं व्हेपमध्ये, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सिगारेटमध्ये, वीस मिलिग्रॅम निकोटिनचंच द्रव घ्यावं, कायद्यानं त्याहून कडक विकत नाहीत. कमी घेतलंत तर तलफ भागणार नाही. कमलाकररावांनी ऐकलं, वीसची बाटली घेतली, आणि नवल म्हणजे आठवडाभर त्यांना सिगारेटची आठवणसुद्धा झाली नाही.

मग बाटलीवरचा आकडा अर्चनाबाईंच्या नजरेस पडला. वीस ही सरकारची शेवटची हद्द, आणि आपला नवरा नेमका तिथे जाऊन उभा! त्यांनी बाटली सिंकमध्ये रिकामी केली आणि तीनची मागवली. अर्ध्यावर थांबल्या नाहीत, कारण प्रश्न नातवंडाचा होता.

तेव्हापासून कमलाकरराव दिवसभर आंब्याच्या वासाचे ढग सोडत फिरू लागले आणि शेडमागे पुन्हा सिगारेट पेटवू लागले. पण महाराष्ट्र मंडळात त्या तीनच्या आकड्यानं त्यांचा भाव वधारला. मंडळातले ज्येष्ठ जयंतराव स्वतः सहावर होते. ते चारचौघांत यांची पाठ थोपटायचे. कोणी बारावर आहे असं कळलं की बायका हळहळायच्या. कार्यक्रम संपल्यावर हे सारे संयमी पुरुष हॉलच्या मागे कचऱ्याच्या डब्यांपाशी सिगारेट ओढायला जमत, आणि तिथे मिलिग्रॅमचा विषय कोणी काढत नसे.

बारशाच्या दिवशी कमलाकररावांच्या जिवाला चैन नव्हतं. पिनरला उतरल्यावर त्यांनी एक सिगारेट ओढली, वर दोन पेपरमिंट चघळले. तनूच्या घरी सगळं मंडळ जमलं होतं. नाव ठेवून झालं, आणि तनू मुलीला घेऊन त्यांच्याकडे आली. त्यांनी हात पुढे केले. ती एका पावलावर थांबली.

"बाबा, सिगरेट?"

"अगं, काहीतरीच काय," अर्चनाबाई मध्ये पडल्या. "फक्त तीनचं घेतात ते."

"आई, मला नंबर नको. वास नको."

कमलाकररावांच्या ओठांवर खोटं तयार होतं. पण दुपट्यातून ते इवलंसं तोंड त्यांच्याकडे बघत होतं, आणि त्यांना स्वतःची लाज वाटली. फार वाटली.

"ओढतो," ते म्हणाले. "रोज. वीसचं होतं तेव्हा सुटली होती. तीनवर भागत नाही."

जयंतराव भिंतीवरचा फोटो न्याहाळू लागले. बाकीच्या पुरुषांच्या चेहऱ्यावर समजूतदारपणा होता. सिगारेटचं काय, सुटता सुटत नाही.

तनूनं बाळाला छातीशी धरलं. तिचे डोळे भरले होते.

"मग वीसचं घ्या, बाबा. फुल. आईला कमी करू देऊ नका. आणि मग या, मी बाळ देते. आज नाही."

कमलाकररावांनी हात मागे घेतले आणि मान डोलावली.

"वीस?" जयंतराव गर्रकन वळले. खोलीभर कुजबुज झाली. कोणीतरी अर्चनाबाईंना बसायला खुर्ची दिली.