भुजंगचा भोपळा

"भुजंगच्या शेतातला भोपळा हाय! बोला, कोन घेतं?" दगडोबाने टेबलावर थाप मारून पुकारा केला आणि निलंग्याच्या त्या छोट्या चर्चच्या अंगणात सगळं चिडीचूप झालं.

कापणीच्या सणाला असं कधी होत नसे. उपासना संपली की ज्याने त्याने आणलेली ज्वारी, कोंबड्या, भाज्या टेबलावर यायच्या, त्यांचा लिलाव व्हायचा, पैसे देवाच्या कामाला जायचे. एखाद्या कणसासाठीसुद्धा लोक हौसेने भांडायचे. दगडोबा पंप दुरुस्त करणारा. विहिरीच्या तळातून वर हाका मारून मारून कमावलेला आवाज, म्हणून दरवर्षी पुकारणारा तोच. आज मात्र भोपळ्याकडे कोणी बघेना. सगळे आपापल्या चपला न्याहाळत होते.

कारण सगळ्यांनाच माहीत होतं. निवडणुकीत भुजंग ज्या पुढाऱ्याच्या जीपमध्ये फिरला, त्याच्या सभेत ख्रिस्ती लोकांच्या प्रार्थनेला नावं ठेवली गेली होती. दगडोबानेच मग टपरीवर त्याला भर गर्दीत सुनावलं होतं, "तू प्रभूला इकलंस, भुजंग!"

"आपल्या वस्तीत नळ कुनी आनला मग? तुझ्या पुढाऱ्यानं?" भुजंग एवढंच म्हणाला होता. तेव्हापासून लहानपणापासूनचे हे दोन मित्र एकमेकांशी बोलत नव्हते. दगडोबाच्याही घरी त्याच नळाचं पाणी येत होतं आणि ते पिताना त्याला दरवेळी हे बोलणं आठवायचं.

"बोला की!" तो पुन्हा ओरडला.

मागे भिंतीशी भुजंग नवा सदरा घालून उभा होता. त्याची मान खाली गेली. दगडोबाच्या मनात आलं, हेच तर हवं होतं ना आपल्याला? मग आता बरं का वाटत नाही? पुढाऱ्याबद्दल आपण चुकलो, असं दगडोबाला आजही वाटत नव्हतं. पण भोपळा काही पुढाऱ्याचा नव्हता. भुजंगने तो देवासाठी आणला होता आणि आपल्या एका शब्दापायी तो देवाच्या दारात पडून होता. बरोबर असूनही माणूस चुकतो की काय? त्याला काही उमगेना.

पुकारणाऱ्याने बोली लावायची नाही, असा तिथला रिवाज. दगडोबा टेबलामागून बाहेर आला आणि उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांकडे वळला.

"पाळकसाहेब, जरा तुमी पुकारा."

"का रे, आवाज बसला?"

"न्हाई. मला घ्यायचाय."

पाळकसाहेबांनी गोंधळून पुकारलं. दगडोबाने बोली लावली. जरा कुजबुज झाली, पण दुसरी बोली आली नाही. पिकवणाऱ्यानेच माल घेणाऱ्याच्या हाती द्यायचा असतो, म्हणून भुजंग पुढे आला आणि त्याने भोपळा उचलला.

"दया करतूस का माझ्यावर?" तो दबक्या आवाजात म्हणाला.

"मला न्हाई ठाव, बाबा."

"मी मत फिरवनार न्हाई."

"मी बी न्हाई. पन तवा जे बोललो, ते बोलायला नको व्हतं."

देणं-घेणं झालं की ख्रिस्ती रिवाजाप्रमाणे हात मिळवून एकमेकांना 'सलाम' म्हणायचं असतं. पण भोपळा चांगलाच वजनदार. भुजंगने तो अजून सोडला नव्हता आणि दगडोबाने खालून धरला होता. दोघांचेही हात अडकलेले. मंडळी वाट बघत होती, आणि दोघांपैकी कोणीच तो खाली ठेवत नव्हतं.