कांद्यातून गेलेली सडक

रोलर बांधाशी आला अन् फकिरा पाटलानं आपली बैलगाडी आडवी लावली.

"माझ्या रानातून सडक नाय जायाची. वस्तीवाल्यांपायी मी जमीन देऊ का?"

सडकेच्या कामावरच्या साहेबानं लई समजावलं. फाट्यापासून धनगरवस्तीपर्यंत सरकारनं सडक मंजूर केली होती, ती बी कैक अर्जांनंतर. पण फकिरा हटंना. शेवटी साहेब वस्तीवाल्यांकडं वळला.

"जागा नाही मिळाली तर मार्चअखेर निधी परत जाईल. मग पुन्हा कधी येईल, सांगता येत नाही."

बानाबाई मेंढरं सोडून तिथंच उभी होती. तिची पोर अक्षदा कन्नडच्या कॉलेजात अकरावीला. एसटी फाट्यावरच थांबायची. तिथून पोर एकटी चालत यायची, घर गाठेस्तोवर अंधार पडायचा. बापानं, मल्हारीनं, सांगून टाकलं होतं : पावसाळा लागला की कॉलेज बंद, सोयरीक बघायची.

"सायेब, आमच्या रानातून वळवली तर?" बानाबाईनं विचारलं.

"येडी झाली का?" मल्हारी म्हणाला. "कांदा उभा हाय."

"मग पोर घरी बसवायची?"

"त्याचा अन् ह्याचा काय संबंध?"

"सडक झाली, गाडी वस्तीवर आली, तर ती शिकंल. नाय तर तुम्ही तिला उजवून मोकळे व्हाल."

मल्हारीनं रानाकडं पाहिलं. सडकेचा पट्टा रानाच्या मधून जाणार होता. विहीर एका अंगाला, वावर दुसऱ्या अंगाला. मग त्यानं साहेबापुढं होकाराची मान हलवली.

सकाळी बानाबाई कांदा उपटायला बसली. लिंबाएवढाच भरला होता. मल्हारी बांधावर उभा राहून बघत होता. मग तोही तिच्या शेजारी वाफ्यात बसला.

"हा कोण घेईल?" त्यानं विचारलं.

"कुणी नाय. मेंढरं खातील."

दोघांनी दिवस मावळेपर्यंत पट्टा मोकळा केला.

जूनमध्ये वस्तीवर एसटी आली. अक्षदा चढली. गाडी थोडी पुढं गेली, तर फकिरानं आपल्या बांधावरून हात केला. चढला, अन् ड्रायव्हरमागच्या खिडकीशी ऐसपैस बसला.

गाडी मल्हारीच्या रानाशी आली. सडकेकडेला बानाबाईशेजारी उभ्या मल्हारीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "लाज नाय माणसाला. उतरवतो त्याला."

"बसू द्या," बानाबाई म्हणाली. "कुणाच्या रानातून चाललाय, त्याला ठावं हाय."

फकिरानं ते ऐकलं अन् खिडकीची काच ओढून घेतली.