रचना कोण?

बांगडीचे तुकडे प्रियंकाला मार्चच्या पहिल्या बुधवारी सापडले. दर बुधवारी असणाऱ्या संगणकाच्या क्लासवरून ती साडेचारला परतली, तेव्हा न्हाणीजवळच्या नालीत हिरव्या काचेचे तीन तुकडे पडले होते. तिने ते उचलून ओट्यावर जुळवले आणि वळण पाहिलं. बांगडी दोन-दहाची, म्हणजे मोठ्या मापाची होती.

यात तिची चूक होणं शक्य नव्हतं. तिची आई वीस वर्षांपासून कटंगीच्या आठवडी बाजारात बांगड्यांचं दुकान लावते, आणि शाळेत असताना गिऱ्हाइकाचा हात पाहून माप सांगायचं काम प्रियंकाकडे होतं. सासूबाईंचा, म्हणजे पुष्पलताबाईंचा हात दोन-चारचा. तिचा स्वतःचा दोन-सहाचा. दोन-दहा लागणारी बाई बालाघाटच्या त्या सासरच्या गल्लीत एकही नव्हती.

पुढच्या बुधवारी वीज गेल्यामुळे क्लास लवकर सुटला. ती घरी आली तर मागची खोली आतून बंद होती. त्या खोलीत दुपारी सासरे झोपतात, तिकडे जायचं नाही, हा नियम तिला लग्नानंतर आठवड्याभरातच सांगितला होता. आतून सासूबाईंचा आवाज आला, "रचना, सरक थोडी. खिडकी लावून घेते." प्रियंकाने मुद्दाम बादली आपटली. आत पावलं वाजली, कपाट लागलं. पाच मिनिटांनी पुष्पलताबाई एकट्याच बाहेर आल्या आणि फोनवर बहिणीशी बोलत होते म्हणाल्या. त्यांचा फोन समोरच्या खोलीत चार्जिंगला लावलेला होता.

त्या रात्री तिने नवऱ्याला, पियुषला, सहज विचारल्यासारखं विचारलं की नात्यात कोणी रचना आहे का. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात दिवसभर उभा राहून तो थकला होता. या वॉर्डातच दोन रचना आहेत, त्यातली एक पाचवीत शिकते, तुला कोणती हवी, असं म्हणून तो हसला. त्याला काही माहीत नाही, एवढं तिला त्यावरून कळलं.

मग तिने हिशेब जुळवला. सासरे तेजराम तीस वर्षं उकव्याच्या मँगनीज खाणीत भांडारात कामाला होते. आठवड्यातून एकदा घरी यायचे. निवृत्त होऊन त्यांना दोन वर्षं झाली होती. सासऱ्यांनी ठेवलेली मोठ्या हाताची, कष्टाची बाई उकव्याचीच असणार आणि आता ती बुधवारी बालाघाटला येत असणार. हे तिला समजत होतं. सासूबाई तिच्यासाठी खिडकी लावतात, हे मात्र तिला समजत नव्हतं.

गोष्ट तिच्या एकटीची असती तर ती कदाचित गप्प बसली असती. पण तिची धाकटी बहीण श्रुतिका याच घरात, पियुषच्या धाकट्या भावाला, पवनला द्यायची बोलणी चालू होती. पवन गोंदियाला नोकरीला होता. एका घरात दुसरी मुलगी द्यायची तर पहिलीचा शब्द शेवटचा, अशी त्यांच्या नात्यागोत्यात रीत होती. वडिलांनी, घनश्यामने, फोनवर तेवढंच सांगितलं होतं. रविवारी विचारतो, तू हौ म्हटलं तर हौ. हौ म्हणावं तर श्रुतिका या बंद खोलीच्या घरात येणार. नाही म्हणावं तर कारण द्यावं लागणार, आणि ते कारण तोंडातून निघालं की प्रियंकाला या घरात जागा उरणार नव्हती.

तिसऱ्या बुधवारी ती क्लासची बॅग घेऊन निघाली, कोपऱ्यावर अर्धा तास थांबली आणि मागच्या फाटकाने परत आली. खोलीच्या दारावर तिने दोनदा थाप मारली.

"आई, दार उघडा. रचनाबाईले मले भेटाचं आहे."

मग पुष्पलताबाईंनी दार थोडं उघडलं. "कोणी नाही वं. जा, तुले उशीर होऊन राह्यला."

"मंग बोलता कोणासंग?"

सासूबाईंच्या खांद्यावरून तिला पलंग दिसला. दाराकडे पाठ करून कोणीतरी बसलं होतं. जांभळी साडी, मानेवर सैल अंबाडा, रुंद पाठ. गुडघ्यावर टेकलेल्या हातात हिरव्या बांगड्या होत्या आणि त्याच हाताच्या अंगठ्याचं नख काळं होतं. खाणीत पिंप पडून ते नख काळं पडलं होतं. वर्षभर ती रोज सकाळी त्याच हातात चहाचा कप देत होती.

सासरे समोर आले की ओढणी डोक्यावर घ्यायची, ही सवय. तिचा हात वर गेला आणि कानाशी थांबला. घ्यायची की नाही, तिला ठरवता येईना. शेवटी ती तशीच स्वयंपाकघरात जाऊन बसली.

पुष्पलताबाई मागोमाग आल्या. त्यांनी काही लपवलं नाही. आपल्याला साडी नेसून बसावंसं वाटतं, हे नवऱ्याने त्यांना लग्नाच्या वर्षीच सांगितलं होतं. आधी त्या माहेरी, तुमसरला, निघून गेल्या आणि दोन महिन्यांनी स्वतःच परत आल्या. प्रियंकाने ते सगळं ऐकून घेतलं आणि विश्वास न ठेवता विचारलं, "दुसरी बाई नाही ना? उकव्याची?"

"असती तर मी तिच्या निऱ्या घालत बसली असती का? बत्तीस वर्षं झाले, अजून धड निऱ्या येत नाही तिले."

"तिले?"

"मंग काय म्हणू? नवऱ्याचं नाव म्या आजवर घेतलं नाही. पियुषचे बाबा म्हणते, नाही तर अहो. साडी नेसलेल्या माणसाले अहो म्हणाचं तर हसू येते. त्याईनं एका हिरॉइनचं नाव काढलं होतं. म्या म्हटलं, हे बोलवाले मले लाज वाटते. रचना म्हटलं, हे नाव गल्लीगल्लीत आहे, कोणी ऐकलं तरी काही वाटत नाही." ओटा पुसत त्या म्हणाल्या, "नाव घेऊन आवाज देते मी, तो तेवढाच."

पियुषला माहीत आहे का, या प्रश्नाला त्यांनी नाही म्हटलं. पवनबद्दल विचारल्यावर मात्र त्या भांड्यांकडे पाहू लागल्या. पवनला बारावीत असताना कळलं होतं. तो रचना म्हणत नाही. साडीत असो की पँटमध्ये, तो बाबाच म्हणतो. त्याचं तेजरामांना वाईट वाटतं, पण ते बोलून दाखवत नाहीत.

प्रियंकाचा संशय एका जागचा उठला आणि दुसऱ्या जागी जाऊन बसला. ज्या घराने ही गोष्ट बत्तीस वर्षं लपवली, ते आणखी काय लपवू शकेल? ज्या पवनला बहीण द्यायची, तो तर या लपवण्यात तरबेज होता.

तेजराम सदरा-पायजमा घालून दाराशी आले. डोळ्यात काजळाची रेघ राहून गेली होती. घनश्यामभाऊंना काय सांगशील, एवढंच त्यांनी विचारलं.

ती पहिल्यांदाच त्यांच्याकडे सरळ पाहून बोलली. "रविवारच्या आत तुम्ही पियुषले सांगा. पवननं श्रुतिकाले सांगावं. नाही तर मी नाही म्हणन. कारण कोणाले सांगणार नाही, पण नाही म्हणन."

गुरुवार गेला, शुक्रवार-शनिवार गेले. तेजराम रोज पियुषसमोर बसून जेवले आणि काही बोलले नाहीत. प्रियंकाने मनात नकाराचं वाक्य तयार करून ठेवलं.

रविवारी सकाळी साडेदहाला फोन वाजला. तिने तो हातात घेतला तेव्हा तेजराम उठले आणि म्हणाले, "थांब." त्यांनी पियुषला मागच्या खोलीत नेलं. फोन वाजून बंद पडला. वीस मिनिटांत तो आणखी एकदा वाजला. पुष्पलताबाई लसूण सोलत राहिल्या.

पियुष बाहेर आला तो आधी बायकोकडे. "तुले कधीपासून माहीत?"

"बुधवारपासून."

"फक्त बुधवारपासून?"

दोन आठवडे ती त्याच्या आईकडे ज्या नजरेने पाहत होती, त्याच नजरेने तो आता तिच्याकडे पाहत होता. तिसऱ्यांदा वाजलेला फोन तिने उचलला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. घनश्याम जयभीम म्हणाला आणि त्याने लगेच विचारलं, काय ठरवलं.

"माझ्या शब्दावर नका करू, बाबा. पवन श्रुतिकाले एक गोष्ट सांगन. ऐकून ती हौ म्हणन तर हौ."

"कोणाची गोष्ट?"

ते सांगायचा हक्क तिचा नव्हता. तेजराम पुढे वाकले. "रचनाची, घनश्यामभाऊ."

"रचना कोण?"

तेजराम पियुषकडे पाहू लागले. पुष्पलताबाईंचे हात थांबले.

"घरचीच आहे, मामाजी," पियुष फोनवरच्या सासऱ्यांना म्हणाला. त्याचा आवाज कोरडा होता. मग खुंटीवरची मोटारसायकलची चावी घेऊन, कोणाकडे न पाहता तो बाहेर पडला.