पागोळ्यांची पट्टी

"आजी, फरशी पुसताय की जहाज तरंगवताय?" कॅथिड्रलचे खांब तपासायला आलेल्या इंजिनिअरने एका खांबाला हात लावला. ओल त्याच्या डोक्याच्याही वर चढली होती.

माझ्या सासूबाईंनी बादली खाली ठेवली. कॅथिड्रलची झाडलोट त्यांची. त्यांच्याआधी त्यांच्या सासूची. सगळी फरशी त्या घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसत. फक्त खांबांलगतच्या अरुंद पट्टीवर मात्र बादल्याच्या बादल्या ओतत.

"आता पाणी बंद," फादर म्हणाले. "खांब खचला तर छप्पर डोक्यावर येईल, बाई."

"मग त्या लेकरांनी काय करायचं?"

इंजिनिअर माझ्याकडे बघायला लागला. शेवटी मीच सांगितलं. आधी इथे मिशनचं एवढंसं मातीचं प्रार्थनाघर होतं. त्या वर्षांत साथ आली. बाप्तिस्म्याआधीच गेलेल्या बाळांना दफनभूमीत जागा नसे. मग आया त्यांना गुपचूप आणून प्रार्थनाघराच्या पागोळ्यांखाली पुरत. देवाच्या छपरावरून ओघळलेलं पाणी तरी अंगावर पडेल, तोच त्यांचा बाप्तिस्मा. पुढे त्याच जागी हे भलंमोठं कॅथिड्रल उभं राहिलं. पागोळ्यांची ती ओळ भिंतींच्या आत आली, आणि कोरडी पडली.

"आता असं कुणी मानत नाही हो," फादर हळूच म्हणाले. "ती बाळं केव्हाच देवाजवळ पोचलीत."

"तुम्हाला ठाऊक, मलाही ठाऊक. त्यांना कोण सांगणार?"

इंजिनिअरने खांबावरचा हात काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी सासूबाई उठल्याच नाहीत. भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "कोरडं फडकं त्यांच्या तोंडावरून फिरवायचं? माझ्याच्यानं नाही व्हायचं. तू जा. छकुलीला मी बघते."

काम घरातून जाऊ नये म्हणून मी गेले. चांगलं लख्ख ऊन आत आलं होतं. वेदीपासून पुसत पुसत पट्टीपाशी पोचले आणि थबकले. आवाज म्हणावा तर नव्हता. रडं फुटण्याआधी मूल श्वास ओढून घेतं ना, तेवढंच. मागे पाहिलं. बाकं रिकामी.

उगाच काहीतरी, असं म्हणत फडकं घेऊन वाकले, तर छातीत कळ आली आणि पान्हा फुटला. माझी लेक घरी पोटभर पिऊन झोपली होती. मी हाताने दाबून धरलं, तरी थांबेना. ब्लाउज भिजला, थेंब फरशीवर पडले.

पुसायला फडकं पुढे केलं. मग ते बाजूला सारलं, आणि तिथेच मांडी घालून बसले.