काटा पडतो तेव्हा

रविवारी माझी गाडी बघायला पुसदचं गिऱ्हाईक येणार होतं, आणि गाडी विकायचं कारण मी होते. गाडी नव्हे, मी. आमच्या बबनरावांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, तसा निकालच देऊन टाकला होता.

उमरखेडपासून माझी शाळा एकोणीस किलोमीटर. वीस वर्षं मी ते अंतर भरलेल्या ऑटोत अर्धी बाहेर बसून कापलं. सेहेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकले, माझ्या पगारातून जुनी का होईना पेट्रोलची गाडी घेतली आणि पहिल्यांदाच घंटेच्या आधी शाळेत पोचायला लागले. गाडी गेली की मी पुन्हा त्या ऑटोत. नुसत्या विचारानं माझं डोकं तापायचं.

दिवाळीपासून गाडीला एक खोड लागली होती. चालता चालता पेट्रोलचा काटा एकदम तळाला जायचा आणि पाठोपाठ इंजिन बंद. टाकी मात्र आदल्या दिवशीच भरलेली असायची. सगळे खाली उतरून, कपाळाला हात लावून उभे राहिले की पाच मिनिटांत बाईसाहेब पुन्हा सुरू. असं सहा वेळा झालं आणि सहाही वेळा बबनराव माझ्या शेजारी.

"काट्याकडं ध्यान काहून देत नाही तू?"

"कालच टाकी फुल केली मी."

"मंग पेट्रोल का मी पेलो?"

ढाणकी रोडवरच्या पूनमसिंगच्या गॅरेजात गाडी नेली. तीस वर्षं मुरलेला मेकॅनिक. त्यानं प्लग बदलले, फिल्टर बदललं, स्कॅनर लावून पाहिला, स्वतः दहा किलोमीटर फिरवून आणली आणि म्हणाला, "मॅडम, गाडी तं मक्खन चालून राह्यली."

बबनरावांना तेवढंच पाहिजे होतं. "म्हनजे दोष गाडीत नाही. चालवनाऱ्यात हाय," असं म्हणून त्यांनी पुसदला फोन लावला.

खोटं कशाला सांगू, मलाही तसंच वाटायला लागलं होतं. शाळेत एकटी जाते तेव्हा गाडी एकदाही बंद पडत नाही, बबनराव शेजारी बसले की पडते. म्हणजे माझेच पाय चुकत असणार, क्लच नीट दाबला जात नसणार. पोरांना गणित शिकवणारी बाई मी, आणि माझा माझ्याच पायांवरचा विश्वास उडाला. ते मला फार लागलं.

शनिवारी अर्धी शाळा. दुपारी अंगणात मी गाडी धूत होते, उद्याच्या गिऱ्हाइकासाठी. धुऊन झाल्यावर काचा खाली करायला चावी फिरवली, इंजिन बंदच होतं. तेवढ्यात सासूबाई तुरीच्या शेंगा घेऊन आल्या. रुखमाबाई म्हणजे चौऱ्याहत्तर वर्षांची भरभक्कम बाई. मागच्या सीटवर ऊन छान येत होतं, म्हणून दार उघडून तिथेच सोले काढायला बसल्या. बसल्या, आणि माझ्या डोळ्यांदेखत काटा अर्ध्यावरून तळाला गेला.

त्या ताट आणायला उठल्या. काटा हळूहळू वर आला.

"आई, परत बसा बरं."

बसल्या. काटा खाली.

"उठा."

काटा वर.

"काय लावलं वं हे? मी काय शाळेतली पोट्टी हाव का?"

मग माझ्या टाळक्यात उजेड पडला. हे माझ्या गाडीत बसायचे ते फक्त आईंना कुठे न्यायचं असलं तर. हे पुढं, आई मागं, हा आमच्या घरचा रिवाज. गाडी बंद पडायची ती ह्यांच्यामुळे नाही, माझ्या पायांमुळे तर नाहीच नाही. मागच्या सीटवर वजन आलं की पडायची! आणि पूनमसिंगनं गाडी फिरवली ती एकट्यानं. मी इतक्या मोठ्यानं ओरडले की बबनराव अर्ध्या दाढीनं बाहेर आले.

"मोटरसायकल काढा आणि मागून या," मी म्हटलं. जन्मात पुढच्या सीटवर न बसलेल्या आईंना पुढं बसवलं आणि थेट गॅरेज गाठलं. वाटेत गाडी एकदाही अडली नाही.

"मी तपासली ना, मॅडम," पूनमसिंग म्हणाला.

"एकटे बसून तपासली. आता पाहा." मी इंजिन चालूच ठेवलं. "आई, मागं बसा."

आई मागं जाऊन बसल्या. काटा तळाला, इंजिन दोनदा आचके देऊन बंद. आई उठल्या, गाडी सुरू. पुन्हा बसल्या, पुन्हा बंद. समोरच्या पानठेल्यावरची माणसं रस्ता ओलांडून आली. तिसऱ्या वेळी तर आई आधी चौफेर बघून घेऊन मगच बसल्या.

पूनमसिंगनं मागची सीट उचलली. खाली टाकीचं गोल झाकण आणि त्यातून निघालेल्या वायरी. दिवाळीत सीटकव्हर नवीन घातलं, तेव्हा सीट परत बसवताना एक काळी वायर लोखंडी पट्टीखाली दबली होती. आता ती दोन-तीन तारांवर तग धरून होती.

"टाकीतला पंप आन काटा, दोघाइची अर्थिंग हेच वायर हाय, मॅडम. आधी आई मागं असतानी गाडी आदळली कीच तिचा कनेक्शन सुटे, आता नुसत्या बसल्या तरी सुटते. काटा पडते, पंप बी बंद." तो उठून माझ्याकडे वळला. "तीस वर्सं झाले, मागं मानूस बसवून मी गाडी पाह्यलीच नाही. आज तुमच्याकडून शिकलो."

त्यानं वायर जोडली, टेप गुंडाळला, पट्टीपासून लांब बांधली आणि सीट बसवली. आई बसल्या. नुसत्या बसल्या नाहीत, दोनदा उसळूनही पाहिलं. काटा अर्ध्यावर, इंजिन एका लयीत. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"बरं झालं," बबनराव म्हणाले. "आता उद्या गिऱ्हाईक नाही म्हननार नाही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"गाडी विकायची नाही."

"अवं, मी शब्द देल्ला त्याले."

"शब्द तुमी देल्ला, गाडी माही हाय. आता इथूनच फोन लावा आन सांगा, दोष वायरमधी होता, चालवनारीत नोयता."

त्यांनी आशेनं पूनमसिंगकडे पाहिलं. पूनमसिंग एकेक बोट निगुतीनं पुसत होता. मग त्यांनी आईंकडे पाहिलं.

"लाव," आई मागच्या सीटवरून म्हणाल्या.

त्यांनी फोन लावला आणि पाठ फिरवून काहीतरी पुटपुटले.

"मोठ्यानं बोल, बबन. आमाले आयकू येऊन नाही राह्यलं."

बबनराव वळले. कानापर्यंत लाल झाले होते, पण अख्ख्या गॅरेजला ऐकू जाईल असं बोलले. "भाऊ, गाडी विकाची नाही. दोष वायरमधी होता. चालवनारी चांगली हाय."

'चांगली' हा शब्द मी त्यांना सांगितला नव्हता, तो त्यांनी आपल्या मनानं घातला. माझे डोळे भरून आले. एवढा आनंद मला पहिल्या पगाराच्या दिवशीही झाला नव्हता.