शिंप्याच्या घरातली सायकलीची चड्डी

मी एक चड्डी बोलतेय. हसून घ्या, मी थांबते. झालं? मग ऐका. या घरात मी जे पाहिलं, ते आठवलं की अजूनही माझं इलॅस्टिक थरथरतं.

मी साधीसुधी चड्डी नव्हे. घरात उभी करून ठेवतात ना, जागच्या जागी चालवायची सायकल, तिच्यावर बसताना घालायची मी. काळी, गुडघ्यापर्यंतची, अंगाबरोबर ताणली जाणारी. घाम टिपणं हा माझा गुण आणि बसायच्या जागी आतून शिवलेली जाड, मऊ गादी हा माझा जीव. कारखान्यात आम्ही चारशे बहिणी एकाच दिवशी जन्मलो. तिथली तपासनीस बाई प्रत्येकीची गादी अंगठ्याने दाबून बघायची आणि म्हणायची, "हं, जा आता. कुणाचं तरी बूड सांभाळ." मी मोठ्या आशेने खोक्यात शिरले.

खोकं उघडलं ते एका शिंप्याच्या घरात.

सगळे त्यांना मास्तर म्हणत. चाळीस वर्षं कोट आणि पँटी शिवलेला माणूस. समोरच्या खोलीत कापायचं टेबल, शिवणयंत्र, खिळ्यांना टांगलेले कागदी नमुने आणि रस्त्याकडची मोठी खिडकी. महिन्यापूर्वी मास्तरांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, सहा आठवडे रोज अर्धा तास सायकल, मग तपासणी. हृदयाने उभारी धरली तर गोळ्यांवर भागेल, नाहीतर छाती उघडावी लागेल. म्हणून परगावी नर्स असलेल्या लेकीने सायकल पाठवली आणि तिच्यासोबत मला.

मास्तरांनी मला चिमटीत धरून उचललं. "ही चड्डी आहे की मोजा? अगं, कपड्यात हवा खेळली पाहिजे. अंगाला चिकटतं ते सालपट!"

मग मला उलटं करून आत बोट फिरवलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "इकडे ये, कारखान्यातल्या लोकांची अक्कल बघ. कोटाच्या खांद्याची गादी चड्डीत शिवलीय!"

मी सुन्न झाले. चाळीस वर्षांचा मुरलेला शिंपी, आणि त्याला खांदा कुठला नि बूड कुठलं ते कळू नये?

त्यांची बायको, जिला सगळे काकू म्हणत, भाजी चिरता चिरता म्हणाली, "अहो, लेकीला एकदा विचारा तरी."

"शिवणातलं तिला काय विचारायचं? ती इंजेक्शनं देते."

आणि मास्तरांनी ब्लेड घेतलं. एकेक टाका तुटत गेला आणि माझी गादी माझ्यापासून वेगळी झाली. मला किंचाळता आलं असतं तर सगळी गल्ली गोळा झाली असती. पण त्याहून भयंकर पुढेच होतं. चांगली वस्तू वाया कशाला घालवायची, म्हणून त्यांनी तिच्यात टाचण्या खोचायला घेतल्या. माझा जीव टेबलावर पडलेला आणि त्यात साठेक टाचण्या!

दुसऱ्या दिवशी मास्तर सायकलीवर बसायला तयार झाले. आधी रोजची सुती चड्डी. तिच्यावर मी. माझ्यावर जाड लोकरी पँट. वर गळ्यापर्यंत बटणं लावलेला पूर्ण बाह्यांचा शर्ट. हे सायकलीवर बसणार होते की बर्फात चालले होते? मग त्यांनी खिडकी लावली, पडदा ओढला. पंखा तर त्या खोलीत कधी लागतच नसे, कापलेले कागद उडतात म्हणून.

"निदान खिडकी तरी उघडा," काकू म्हणाल्या.

"आणि गिऱ्हाइकांना माझी धाप दाखवू? झाकली मूठ सव्वा लाखाची."

आतल्या चड्डीची शिवण मांडीला घासायची, घामाने भिजून तिची घडी तशीच रुतून बसायची आणि खाली गादी नसल्यामुळे हाडं थेट सीटवर. मी बिचारी मधल्या मधे गुदमरलेली. चौथ्या दिवशी मास्तरांना यंत्रापुढे बसवेना, ते उभ्याने करायची कापाकापीची कामंच काढू लागले. अर्ध्या तासाची बारा मिनिटं झाली, मग आठ. काकू कॅलेंडरवर रोज एक दिवस खोडायच्या आणि त्या सहा आठवड्यांच्या टोकाला असलेल्या तारखेकडे बघत राहायच्या. त्यांच्या तोंडचं पाणी पळालेलं मला दिसत होतं. मास्तरांना दिसत नव्हतं, की ते बघत नव्हते, कोण जाणे.

नवव्या दिवशी त्यांनी ठरवलं, राहिलेली सगळी मिनिटं आजच भरून काढायची. ऊन चढलेलं, खोली बंद. वीस मिनिटं झाली, पंचवीस झाली. माझ्यात घाम टिपायला जागा उरली नव्हती. पाय हळू झाले आणि मास्तर हँडलवर पालथे पडले, तिथून घसरून जमिनीवर.

काकू धावत आल्या. शर्टाची बटणं सुटेनात, भिजलेली पँट निघेना. तेव्हा त्यांनी टेबलावरची मोठी कात्री उचलली. त्या कात्रीला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला मास्तरांना खपत नसे. काकूंनी तिच्याने शर्ट उभा फाडला आणि लेकीच्या लग्नासाठी स्वतः मास्तरांनी शिवलेली ती लोकरी पँट घोट्यापासून कमरेपर्यंत सरळ कापली. पातं माझ्यापासून सूतभर अंतरावरून गेलं. मग खिडकी सताड उघडली, पंखा पूर्ण जोरात सोडला आणि चाळीस वर्षांचे नमुने खोलीभर उडाले.

त्या कागदांच्या खाली मास्तर पडलेले, अंगावर नावाला आम्ही दोघी चड्ड्या. नेमक्या तेव्हाच मास्तरांच्या एक गिऱ्हाईक, शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई, कोटाचं माप द्यायला दारात आल्या. झालं, मी म्हटलं, गेली इज्जत! पण बाई हसल्या नाहीत. त्यांनी पर्स फेकली, मास्तरांचे पाय उचलून आपल्या मांडीवर घेतले आणि ओरडल्या, "काकू, ओलं फडकं आणा!"

मास्तर वाचले. उकाड्याने आणि अंगातलं पाणी गेल्याने चक्कर आली होती, हृदय थोडक्यात बचावलं होतं. डॉक्टरीणबाईंनी कपड्यांची हकिकत ऐकली आणि लोकरी पँटचं दोनदा विचारून खात्री करून घेतली.

लेक आली. टेबलाशी जाताच थबकली. "बाबा, ही टाचण्यांची उशी कुठून आणलीत?"

"तुझ्या त्या चड्डीतून निघाली. खांद्याची गादी आहे."

"बाबा, ती तुमच्या बुडाची आहे!"

मास्तरांनी एकदा गादीकडे, एकदा सायकलीच्या सीटकडे पाहिलं. चाळीस वर्षांत ज्यांनी गिऱ्हाइकापुढे चूक कबूल केली नव्हती, ते हळूच म्हणाले, "चुकलं माझं." आणि काकू इतक्या हसल्या, की हसता हसता रडायलाच लागल्या.

"आता नीट ऐका," लेक म्हणाली. "हिच्या आत काही घालायचं नाही, वर काही घालायचं नाही. अंगात पातळ बनियन, पंखा तोंडावर, पाणी हाताशी, टॉवेल हँडलवर. आणि खिडकी उघडी."

मास्तरांनी एकेक टाचणी उपटली, गादीवरून तळहात फिरवून शेवटची चुकार टाचणीही शोधली आणि ती गादी पुन्हा माझ्यात हाताने शिवली. इतके बारीक टाके मी कारखान्यातही पाहिले नव्हते.

सहा आठवडे पुन्हा पहिल्यापासून मोजले. आता रोज सकाळी उघड्या खिडकीत मास्तर आणि मी. पोस्टमन जाता जाता विचारायचा, "काय मास्तर, कुठवर पोचलात?"

"अजून घरातच आहे रे!"

कुणी हसून मेलं नाही. तपासणीच्या दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, छाती उघडायची गरज नाही. त्या दिवशी घरी येऊन मास्तरांनी सायकल हँडलपासून पायट्यापर्यंत फडक्याने पुसून काढली.

याला तीन वर्षं झाली. आता मी इतकी विरलेय की उजेडात धरलं तर पलीकडचं दिसतं. गेल्या आठवड्यात काकू म्हणाल्या, "मलाही चालवायचीय सायकल. पण सगळ्या जगाला कपडे शिवलेत, मला कधी एक कपडा शिवला नाहीत."

मास्तर ओशाळले. त्यांनी टेप घेतली आणि पहिल्यांदा बायकोचं माप घेतलं. ताणणारं कापड त्यांनी कधी शिवलेलं नाही, त्यासाठी नमुना हवा. तो नमुना म्हणजे मी. माझी प्रत्येक शिवण उसवायची, मला टेबलावर सपाट पसरायचं आणि माझ्याबरहुकूम खडूने आखायचं. गादी अजून धड आहे, ती काकूंच्या चड्डीत जाईल आणि मी इतर नमुन्यांशेजारी खिळ्याला.

आत्ता मी टेबलावर आहे. खिडकी उघडी आहे. मास्तरांच्या हातात ब्लेड आहे आणि हात थांबलाय.

"हिला उसवायला जीव होत नाही गं," ते म्हणतायत.

मी मात्र या वेळी घाबरलेली नाही, याचंच मला नवल वाटतंय. उसवा मास्तर, खुशाल उसवा. फक्त गादी शिवताना खांद्याकडे बघू नका.